ऊर्जा व खनिज संसाधन अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण (महाराष्ट्र)

ऊर्जा व खनिज संसाधन अभियांत्रिकी ही भूगर्भातील खनिजे व इंधने शोधणे, ती सुरक्षितपणे बाहेर काढणे, तसेच इंधने, पाणी, वारा, सूर्यप्रकाश व जैवभार यांपासून वापरण्याजोगी ऊर्जा मिळवणे यांचा अभ्यास करणारी अभियांत्रिकीची शाखा होय. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठासारख्या काही ठिकाणी ऊर्जा आणि खनिज हे दोन्ही विषय एकाच विभागात शिकवले जातात. भारतात मात्र ते खाणकाम, पेट्रोलियम, उपयोजित भूविज्ञान व ऊर्जा अभियांत्रिकी अशा स्वतंत्र विभागांत वाटले गेले आहेत. महाराष्ट्रात ही वाटणी बरीचशी भूगोलाने केली आहे. खाणकामाचे शिक्षण पूर्वेकडे नागपूर येथे, तर ऊर्जेचे शिक्षण प्रामुख्याने मुंबई, पुणे व कोल्हापूर येथे एकवटलेले दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुका हे या दुसऱ्या गटाच्या अभ्यासक्षेत्राचे ठळक उदाहरण आहे.

भूरचना आणि शिक्षणकेंद्रे

विदर्भाच्या पूर्व भागात दगडी कोळसा (चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ), मँगनीज (नागपूर, भंडारा) आणि लोहखनिज (गडचिरोली) आढळते. त्यामुळे भारतीय खाण ब्यूरो, वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या तिन्ही संस्थांची मुख्यालये नागपुरात आहेत. त्याच शहरातील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९६०) खाणकाम अभियांत्रिकीचा विभाग असून तेथे उत्खनन अभियांत्रिकीत एम.टेक. करता येते. याहून जुनी परंपरा राज्याबाहेर, १९२६ मध्ये स्थापन झालेल्या धनबादच्या इंडियन स्कूल ऑफ माइन्सची आहे. २०१६ पासून ती भारतीय तंत्रज्ञान संस्था (आयआयटी) म्हणून ओळखली जाते.

पश्चिम महाराष्ट्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकात कोळसा नाही. कोल्हापूर जिल्ह्यापुरते पाहिल्यास महत्त्वाचे खनिज बॉक्साइट हेच असून ते राधानगरी, शाहूवाडी या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत, जांभ्या दगडाच्या पठारांवर सापडते. त्यापासून ॲल्युमिना बनवण्याचा कारखाना शेजारच्या बेळगावात आहे. कोळसा नसलेल्या या भागाने ऊर्जा पाण्यातून (टाटांचे खोपोली केंद्र, १९१५, कोयना प्रकल्प, एकूण क्षमता १,९६० मेगावॉट), वाऱ्यातून (साताऱ्यातील वनकुसवडे पठार) आणि उसातून उभी केली.

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ऊर्जा प्रणालींचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला व २००७ मध्ये ऊर्जा विज्ञान व अभियांत्रिकी हा स्वतंत्र विभाग झाला. तेथील भूविज्ञान विभागात खनिज व पेट्रोलियम शोधनाशी संबंधित शिक्षण मिळते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शेतातील टाकाऊ जैवभारापासून इंधन बनवण्यावर संशोधन चालते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ऊर्जा अभ्यासाचा, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या तंत्रज्ञान अधिविभागात ऊर्जा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. मांजरी (पुणे) येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने सुरू झालेली संस्था साखर अभियांत्रिकी, साखर तंत्रज्ञान व मद्यार्क तंत्रज्ञानातील पदव्युत्तर पदविका देते. साखर पट्ट्यातील विद्यार्थ्यांना एम.टेक.पेक्षा हीच वाट पुष्कळदा जवळची वाटते, कारण तिच्या टोकाला असलेली नोकरी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते.

शिरोळ तालुका : अभ्यासक्षेत्र म्हणून

शिरोळ तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असून नृसिंहवाडी येथे कृष्णा व पंचगंगा या नद्यांचा संगम होतो. नदीकाठच्या काळ्या खोल जमिनीत ऊस हे मुख्य पीक आहे. येथे धातूंची खाण नाही. ऊर्जा अभियंत्याच्या दृष्टीने तालुक्याचे मुख्य इंधन उसाचे चिपाड (बगॅस) हे आहे. शिरोळ येथील श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या आवारात ऊर्जांकुर श्री दत्त पॉवर कंपनीमार्फत ३६ मेगावॉट क्षमतेचा सहवीजनिर्मिती प्रकल्प उभारण्यात आला. तालुक्यातील टाकळीवाडी येथे गुरुदत्त शुगर्स हा खासगी कारखाना आहे.

सहवीजनिर्मिती म्हणजे एकाच इंधनातून वीज व प्रक्रियेसाठी लागणारी उष्णता अशी दोन्ही मिळवणे. एक टन ऊस गाळल्यावर साधारण २८० ते ३०० किलो चिपाड उरते व त्यात निम्मे पाणी असते. पूर्ण वाळलेल्या चिपाडाचा उष्मांक किलोमागे सुमारे ४,६०० किलोकॅलरी असतो. गिरणीतून निघालेल्या ओल्या चिपाडाचा उष्मांक मात्र सुमारे २,२५० वर येतो, कारण त्याच्या वजनाचा निम्मा भाग पाणीच असतो; शिवाय जळताना त्या पाण्याची वाफ करण्यातही उष्णता खर्च होते. म्हणून शेवटच्या गिरणीतून चिपाड किती कोरडे बाहेर पडते हा प्रश्न रस काढणाऱ्याइतकाच बॉयलर चालवणाऱ्याच्याही जिव्हाळ्याचा असतो.

जुन्या कारखान्यांतील बॉयलर सुमारे २१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबावर चालत. चिपाड कसेबसे संपवणे एवढाच तेव्हा हेतू असे. नव्या प्रकल्पांत ६७, ८७ किंवा ११० किलो दाबाचे बॉयलर वापरतात. जास्त दाबाची व तापमानाची वाफ प्रथम टर्बाइनमधून जाऊन वीज निर्माण करते आणि तिचा दाब उतरल्यावर तीच वाफ रस तापवण्यास व आटवण्यास दिली जाते. एका किलो चिपाडापासून सुमारे २.२ किलो वाफ मिळते असे धरल्यास १०० टन उसामागे २९ टन चिपाडातून सुमारे ६४ टन वाफ तयार होते. साखर बनवण्यास त्यातील ५० टन लागत असतील तर १४ टन उरतात. हीच गरज ४० टनांवर आणली, तर शिल्लक २४ टन होते. ही शिल्लक केवळ वीजनिर्मितीसाठी वापरता येते. त्यामुळे बाष्पीभवन संचाची मांडणी, रस तापवणाऱ्या यंत्रांतील उष्णतेचा पुनर्वापर आणि गिरण्यांना वाफेऐवजी विजेच्या मोटारी बसवणे हे विषय पदव्युत्तर प्रबंधांना साजेसे ठरतात.

चिपाडावरील सहवीजनिर्मितीस केंद्र शासनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९४ मध्ये सुरू झाला. विद्युत अधिनियम २००३ ने सहवीजनिर्मितीला व अपारंपरिक स्रोतांपासूनच्या विजेला उत्तेजन देण्याचे काम राज्य वीज नियामक आयोगांकडे सोपवले. विजेचा दर आयोग ठरवत असल्याने तंत्रदृष्ट्या उत्तम प्रकल्पाचेही अर्थकारण दराच्या आदेशावर अवलंबून राहते. शिवाय गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंतच चालतो. उरलेल्या काळात संच चालवायचा तर चिपाड साठवावे लागते, आणि उघड्यावरील ढिगात ते कुजते किंवा पेट घेते. उसाचे पाचट हे पूरक इंधन सुचवले जाते, परंतु त्यातील क्षारांमुळे बॉयलरच्या नळ्यांवर थर बसतो. ते शेतातच कुजवावे, जमिनीला सेंद्रिय कर्ब हवा, असे कृषितज्ज्ञ सांगतात.

या आकडेमोडीचा संबंध थेट ऊसदराशी येतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर विनियमन अधिनियमात महसूल विभागणीसाठी साखरेबरोबर चिपाड, मळी व प्रेसमड या प्राथमिक उपपदार्थांचे मूल्य धरण्याची तरतूद आहे. दर हंगामापूर्वी तालुक्यातील जयसिंगपूर येथे भरणाऱ्या ऊस परिषदेत दराची मागणी मांडली जाते. चिपाडाचे मूल्य इंधन म्हणून किती, त्यापासून झालेल्या विजेचे किती, आणि त्यातील शेतकऱ्याचा वाटा किती, हा वाद तांत्रिक मोजमापांशिवाय सुटत नाही.

तालुक्याला २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये मोठ्या महापुरांनी ग्रासले. पाण्यात दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या उसाची प्रत व वजन घटते, आणि कारखान्याचे इंधनाचे गणितही बदलते. अतिसिंचनाने क्षारपड झालेल्या जमिनी सच्छिद्र पाइपांच्या निचरा पद्धतीने सुधारण्याचे काम येथे सामूहिक पातळीवर झाले आहे. उपसा सिंचनाचे पंप आणि निचरा हे दोन्ही प्रश्न पाणी व ऊर्जा यांच्या एकत्रित अभ्यासात मोडतात.

प्रवेश व व्यावसायिक पात्रता

एम.टेक.चा अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असतो. केंद्रीय संस्थांतील प्रवेश प्रामुख्याने गेट परीक्षेच्या गुणांवर होतो व तीत खाणकाम, भूविज्ञान-भूभौतिकी आणि पेट्रोलियम या विषयांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. ऊर्जा अभियांत्रिकीकडे यंत्र, विद्युत व रसायन या शाखांचे पदवीधर वळतात. गेट उत्तीर्ण पूर्णवेळ विद्यार्थ्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते.

खाणीचा व्यवस्थापक होण्यास केवळ पदवी पुरत नाही. खाण सुरक्षा महानिदेशालयाचे सक्षमता प्रमाणपत्र आवश्यक असते. खाण अधिनियम १९५२ च्या कलम ४६ नुसार स्त्रियांना जमिनीखालील खाणीत काम करण्यास बंदी होती. २०१९ मध्ये केंद्र शासनाने सवलत देऊन तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय पदांवरील स्त्रियांना सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेत भूमिगत कामास परवानगी दिली. तोवर खाणकाम शिकलेल्या मुलीपुढे प्रत्यक्ष भूमिगत अनुभवाचाच अडसर असे.

ऊर्जा शाखेत ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ अन्वये ऊर्जा व्यवस्थापक व ऊर्जा लेखापरीक्षक यांची राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा घेतली जाते. साखर कारखान्यातील बॉयलर, टर्बाइन व बाष्पीभवन संचांच्या लेखापरीक्षणाचे काम असे प्रमाणित अभियंते करतात. गाळप चालू असतानाच खरी मोजमापे मिळत असल्याने हे काम हिवाळ्यात करावे लागते.