माहेरचे बाळंतपण, सासरचे बाळंतपण

पहिले बाळंतपण माहेरी आणि पुढची सासरी, हा महाराष्ट्रातील जुना रिवाज अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातही रूढ होता, आणि त्याकडे लाडकोडाचा भाग म्हणून पाहिले जात असले, तरी बाळंतपणाच्या इतिहासात त्याचे परिणाम त्याहून खोलवर गेलेले दिसतात. पहिलटकरणीच्या कळा किती वेळ चालल्या, मूल आडवे होते की पायाळू, म्हणजे पायांकडून आलेले, आणि वार, म्हणजे नाळेने मुलाशी जोडलेला व त्याच्यामागून बाहेर पडणारा अवयव, वेळेवर पडली की नाही, हे माहेरच्या सुईणीला ठाऊक असे. दुसऱ्या खेपेला त्याच बाईजवळ बसणारी सासरच्या गावची सुईण मात्र घरच्यांच्या ऐकीव माहितीवर विसंबून असे.

दुसरी खेप सोपी जाते, ही समजूत निराधार नव्हती. गर्भाशयाचे मुख आणि योनिमार्ग एकदा ताणले गेलेले असल्याने पहिल्या खेपेस 12 ते 18 तास चालणाऱ्या कळा दुसऱ्या खेपेस बहुधा निम्म्या वेळात आटोपतात. परंतु पहिल्या वेळी बाई अडली ती कटिर, म्हणजे कमरेच्या हाडांची पोकळी, अरुंद असल्यामुळे, तर ती पोकळी पुढच्या वेळी रुंद होत नाही, उलट दुसरे मूल सहसा थोडे वजनदारच असते. अडून दगावलेल्या मुलाचा दोष सटवाईने पाचवी-सहावीला लिहायच्या ललाटलेखाकडे गेला की कारण शोधायचे राहून जाई (आणि जे मूल पाचवीपर्यंत जगलेच नाही, त्याचा लेख कधी लिहिला गेला, हा प्रश्न कोणी विचारीत नसे). पोटभर खाल्ले तर मूल मोठे होऊन पुन्हा अडेल, या धास्तीने गरोदर बाया जेवण तोडीत, आणि त्यातून अशक्त आई व हलके मूल असा दुसराच धोका उभा राही.

याच जिल्ह्यातील जामखेड येथे 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्या भागात दर हजार जन्मांमागे सुमारे 176 अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. गावांनीच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर आणि पुष्कळशा दलित समाजातील स्त्रियांना तेथे आरोग्य सेविका म्हणून शिकवले गेले. नाळ कापण्यासाठी घरातल्या विळ्याऐवजी नवे पाते, बांधण्यासाठी उकळलेला दोरा आणि हात धुण्यास साबण, हे त्यांचे साहित्य सर्वांच्या नजरेत भरणारे होते. त्याहून मोलाची होती ती मागच्या खेपेची विचारपूस. आधी अडलेली, मूल दगावलेली, फार रक्तस्राव झालेली किंवा फार बुटकी बाई कळा सुरू होण्याआधीच हेरायची आणि दवाखान्यात पाठवायची, हे काम वाचता न येणारी पण गावातली घरे ओळखणारी बाई उत्तम करू शकते, हे जामखेडने दाखवले.

शस्त्रक्रियेने होणाऱ्या बाळंतपणांमुळे मागच्या खेपेच्या माहितीचा प्रश्न आता निराळ्या रूपात उभा राहतो. गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा घेतलेला असेल तर पुढचे बाळंतपण दवाखान्याच्या देखरेखीखाली नैसर्गिकरीत्या होऊ शकते, उभा असेल तर कळांच्या जोराने जुना व्रण फाटण्याचा धोका बराच वाढतो. पोटाच्या कातडीवरचा व्रण पाहून मात्र आतला छेद कसा आहे हे सांगता येत नाही, त्यासाठी पहिल्या दवाखान्याचा कागद लागतो, आणि तो अनेकदा माहेरीच राहिलेला असतो.