दहा गोण्या सिमेंट आणि पुराव्याचा कागद

आज शोधपत्रकारितेवर बोलायचं आहे. पण आम्ही सुरुवात करणार आहोत ती सिमेंटपासून. चारकोपमध्ये उभं राहून सिमेंटवर बोलायला काही हरकत नसावी. इथले निम्मे श्रोते तरी त्या पस्तीस-पस्तीस घरांच्या सोसायट्यांमधले आहेत. १९८५ च्या सुमाराला जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईत जो प्रकल्प झाला, त्यात म्हाडाने इथे पंचवीस, तीस, चाळीस चौरस मीटरचे भूखंड आखून दिले. रस्ता, गटार, पाणी तुम्हाला मिळेल, घर मात्र तुमचं तुम्ही बांधा, अशी ती योजना होती. आम्हीही तसंच बांधलं. आधी खाली एक खोली, मग पोटमाळा, मग दहा वर्षांनी वरचा मजला. त्यामुळे सिमेंटच्या गोणीचा भाव काय आणि ती पावसात भिजली तर काय होतं, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

तरुण मंडळींना मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९८० च्या आसपास सिमेंट दुकानात जाऊन विकत घेता येत नव्हतं. म्हणजे चोरून मिळायचं, पण सरळ मार्गाने मिळायचं नाही. सिमेंटच्या भावावर आणि वाटपावर सरकारचं नियंत्रण होतं. परमिट लागायचं. अर्ज करायचा, घराचा नकाशा जोडायचा आणि वाट बघायची. नियंत्रित भाव आणि काळ्या बाजारातला भाव यांत जमीनअस्मानाचा फरक. आता ज्याच्या सहीने परमिट निघतं, त्या माणसाच्या हातात काय ताकद येत असेल याचा विचार करा. मुंबईत बिल्डरचा इमला उभा राहणार की अर्ध्यावर अडकणार, ते त्या सहीवर ठरायचं.

आमच्या घरातली एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे तिचा उपयोग आहे. कोकणातल्या आमच्या घराची मागची भिंत पावसाने खचली. वडिलांनी दहा गोण्यांसाठी तालुक्याच्या कार्यालयात अर्ज केला. महिने गेले, गोण्या आल्या नाहीत. तिथे एक कारकून होता. तो गोण्या परस्पर विकतो, असं गावात सगळे म्हणायचे. आम्हीही म्हणायला लागलो. मुंबईत, आमच्या स्टाफरूममध्ये, अगदी नावानिशी आणि ठणकावून. त्या वेळी आम्ही महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो, हे विशेष.

तर त्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९८१ रोजी, ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. इंदिरा गांधींच्या नावाचा व्यापार झाला आहे, अशा अर्थाचा त्याचा मथळा होता. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ नावाचा न्यास काढला. हेतू कागदावर उत्तम: साहित्यिक, कलावंत यांना मदत. सोबत आणखीही काही न्यास होते. त्यांत कोट्यवधी रुपये जमले. देणारे कोण? साखर कारखाने आणि बिल्डर. लेखातला मूळ प्रश्न साधा होता. बिल्डरांना एकाएकी प्रतिभेची एवढी कळकळ का वाटू लागली?

उत्तर सिमेंटमध्ये होतं. ज्यांनी देणगी दिली त्यांना सिमेंट सुटलं. शौरींनी काय केलं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण शोधपत्रकारिता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लपवलेला कॅमेरा आणि रात्रीची भेट येते. इथे मुख्य काम होतं कागद वाचण्याचं. न्यासाचे कागद, देणगीदारांची नावं, रकमा. एका बाजूला देणगी, दुसऱ्या बाजूला वाटप. कंटाळवाणं काम आहे. जमाखर्च तपासणाऱ्या माणसाचं काम आहे. पण त्या दोन याद्या शेजारी-शेजारी ठेवल्यावर जे दिसतं, ते एकेक यादी वेगळी पाहून कधीच दिसत नाही.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे, जरा वळू. अंतुल्यांच्या कारभाराबद्दल मुंबईत कुजबूज नव्हती का? भरपूर होती. बिल्डरांना ठाऊक होतं, अधिकाऱ्यांना ठाऊक होतं, पत्रकारांनाही असणार. मग शौरींनी नवीन काय सांगितलं? एका अर्थी काहीच नाही. पण ‘सगळ्यांना ठाऊक आहे’ आणि ‘ज्ञात आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुजबुजीला कोणी जबाबदार नसतो, ती खोडूनही काढता येत नाही. छापलेल्या यादीचं तसं नाही. ती खोटी असेल तर कोणीही उठून म्हणू शकतो की या तारखेला मी चेक दिलाच नाही. खोडून काढण्याची संधी देतं, म्हणून ते विधान विश्वासाला पात्र ठरतं.

ती संधी न्यायालयात मिळाली. गोरेगावच्या मृणालताई गोरे आणि बाबुराव सामंत यांची नावं इथल्या लोकांना सांगायला नकोत. पाण्यासाठी हंडे घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या मृणालताई, आणि पुढे ज्यांच्याबरोबर त्यांनी नागरी निवारा परिषदेची घरं उभारली ते बाबुराव. ही मंडळी सिमेंटच्या वाटपाविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यापुढे सुनावणी झाली. १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल लागला: देणगी आणि सिमेंट यांचा संबंध न्यायालयाने मान्य केला. अंतुल्यांनी राजीनामा दिला. त्याच आठवड्यानंतर, १८ जानेवारीला, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि मुंबईला बोलायला दुसरा विषय मिळाला. फेब्रुवारीअखेर केंद्र सरकारने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. उरलेलं उठायला १९८९ उजाडलं. म्हणजे चारकोपची आपली घरं बांधली गेली ती या दोन तारखांच्या मधल्या आणि नंतरच्या काळात. आपल्यापैकी कोणाला सिमेंटसाठी मंत्र्याच्या दारात उभं राहावं लागलं नाही. त्याचं सगळं श्रेय एका वर्तमानपत्राला देणं हा अतिरेक होईल. नियंत्रण सुटायला आर्थिक कारणंही होती. पण परमिटच्या व्यवस्थेत काय शिजतं, हे तोवर उघड्यावर आलं होतं.

अंतुल्यांबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली. आजही अनेक म्हाताऱ्या विधवांचं महिन्याचं औषध त्या पैशातून येतं. त्यांच्यावरचा फौजदारी खटला रामदास नायक यांच्या तक्रारीवरून उभा राहिला आणि वर्षानुवर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो उच्च न्यायालयाकडे सोपवला, आणि १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो आपलाच आदेश चुकीचा ठरवून मागे घेतला. अंतुले पुढे केंद्रात मंत्रीही झाले. तेव्हा बातमीने खुर्ची गेली, हे खरं. बातमीने माणूस कायमचा गुन्हेगार ठरला, असं कोणी समजू नये. ते बातमीचं कामही नव्हे.

आता शंभर वर्षं मागे जाऊ. १८८२. मराठी पत्रसृष्टीतली ही गोष्ट आपण शाळेत अर्धीच ऐकतो: टिळक-आगरकर तुरुंगात गेले, १०१ दिवस डोंगरीत राहिले. का गेले, ते आपण भरभर ओलांडून जातो. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे, त्यांना वेडं ठरवलं जात आहे, अशी बातमी पुण्यात आली. रोख दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर होता. पुरावा म्हणून काही पत्रं हाती आली, बर्व्यांनी लिहिली असं सांगितलेली. पत्रांनी चालवलेला आरोप त्यांच्या आधारावर धारदार झाला. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली. दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली. दोघंही तेव्हा पंचविशी-सव्विशीतले. त्यांच्या जामिनासाठी धावून आले ते जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे, ही आपल्या इतिहासातली एक सुंदर आडवाट. पण तिकडे आज वळत नाही.

पुढचं ऐका. डिसेंबर १८८३ मध्ये, म्हणजे सुटकेनंतर चौदा महिन्यांनी, हेच शिवाजी महाराज अहमदनगरला मरण पावले. त्यांच्यावर नेमलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत. म्हणजे महाराजांच्या जिवाला धोका आहे, ही टिळक-आगरकरांची काळजी काही हवेतली नव्हती. पत्रं मात्र खोटी होती.

आपल्या जुन्या तार्किकांनी नेमका हाच पेच मांडून ठेवला आहे. लांब डोंगरावर धुळीचा लोट उठतो. पाहणाऱ्याला तो धूर वाटतो. तो म्हणतो, तिथे अग्नी आहे. आणि योगायोगाने तिथे खरंच अग्नी असतो! मग त्याला अग्नीचं ज्ञान झालं का? आमच्या वर्गात मुलं दरवर्षी दोन तट पाडून भांडायची. निष्कर्ष खरा आहे ना, मग झालं, असं एक तट म्हणायचा. आमचं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे, की नाही झालं. धुळीवरून सापडलेला अग्नी उद्या सापडेलच असं नाही. आणि दरम्यान धुळीला धूर म्हटल्याबद्दल एखादा बर्वे कायमचा कलंकित होतो. पत्रकाराला ‘शेवटी मी म्हटलं तेच खरं निघालं ना’ असं म्हणून सुटता येत नाही. आगरकरांनी तुरुंगातल्या दिवसांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. ते आवर्जून वाचा, त्यात फुशारकी फार थोडी आहे.

इथे आमच्या त्या कारकुनाकडे परत यावं लागतं. सात-आठ वर्षांनी आमचा एक चुलतभाऊ त्याच कार्यालयात नोकरीला लागला. जुनी साठ्याची वही त्याच्या हाताखालून गेली. आमच्या वडिलांनी अर्ज केला त्या काळात तालुक्याला सिमेंट आलंच नव्हतं. एक गोणीसुद्धा नाही. विकणार काय तो माणूस? भ्रष्टाचार होता, हे खरं. सिमेंट अडवलं जात होतं, हेही खरं. अग्नी होता. पण आम्ही बोट दाखवलं ते धुळीकडे. तोवर तो माणूस निवृत्त होऊन गावी गेला होता. आम्ही त्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. यायला हवं होतं, असंही आम्ही म्हणत नाही.

दुसरा एक मुद्दा राहिला, साधनाचा. १९८१ मध्येच, त्याच ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी बायकांची विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी एक बाई प्रत्यक्ष विकत घेतली. पावती नसलेल्या व्यवहाराचा पुरावा दुसरा कुठून आणणार? त्यावरून विजय तेंडुलकरांनी ‘कमला’ लिहिलं. नाटकातला पत्रकार जयसिंग जाधव कमलाला घरी आणतो, पत्रकार परिषदेत उभी करतो. घरी ती त्याच्या बायकोला, सरिताला, विचारते की तुला केवढ्याला घेतलं. प्रेक्षागृहात त्या क्षणी जी शांतता पसरायची, ती आम्ही अनुभवली आहे. सिमेंटच्या यादीला दुःख होत नाही. माणूस पुरावा म्हणून वापरला की होतं. तेंडुलकरांनी बातमी खोटी आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. ती खरी असूनही हिशेब पुरा होत नाही, एवढंच ते दाखवतात.

आणि किंमत पत्रकारही मोजतात. ११ जून २०११ ला पवईत ज्योतिर्मय डे यांना गोळ्या घातल्या. निकाल लागला २०१८ मध्ये, छोटा राजनसह आरोपींना जन्मठेप झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिसे यांना गाडीखाली चिरडलं. रिफायनरीच्या जमिनींवर ते लिहीत होते. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केला होता. मोठ्या दैनिकाच्या मुंबईच्या वार्ताहरापेक्षा तालुक्याचा वार्ताहर जास्त उघडा असतो, कारण ज्याच्याबद्दल लिहायचं तो त्याच पेट्रोल पंपावर येतो.

गेल्या व्याख्यानानंतर एका भगिनींनी आम्हाला चिठ्ठी दिली होती. त्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास होणार आहे, समितीतल्या दोघांनी बिल्डरकडून पैसे घेतले असं सगळे म्हणतात, काय करावं? बाई आज आल्या आहेत, समोरच बसल्या आहेत. ताई, ‘सगळे म्हणतात’ हे सोडून द्या. आम्ही ते करून बसलो आहोत. सभेचं इतिवृत्त मागा, सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. निविदा किती आल्या, कोणाची कधी उघडली, ठराव कोणत्या तारखेला झाला, हे एका कागदावर ओळीने लिहा. म्हाडाकडे असलेले कागद माहितीच्या अधिकारात मागा, अर्जाला दहा रुपये लागतात. त्यात काही दिसलं तर एखाद्या वार्ताहराला दाखवा. आणि काहीच दिसलं नाही, तर त्या दोघांना तसं सांगा, आणि जिन्यात सांगा, चार माणसं ऐकतील असं.