मामा, यांची जिम चांगली आहे का?

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये डॅलसहून ताईचा फोन आला. "अरे, तू तिथे नेब्रास्कात बावीस वर्षं राहतोयस, शनिवार आला की फुटबॉलशिवाय दुसरं काही बोलत नाहीस. मग आता एक काम कर. पोराला एका कॉलेजच्या टीमने बोलावलंय. त्यांचा स्ट्रेंग्थ प्रोग्राम म्हणे फार नावाजलेला आहे. ते खरं की खोटं तेवढं बघून सांग."

(फुटबॉल म्हणजे इकडचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. पायाने खेळतात त्याला इथे सॉकर म्हणतात. जुन्या वाचकांनी हा कंस सोडून पुढे जावं.)

आमचे भाचेराव सहा फूट दोन इंच आणि 280 पाउंड, म्हणजे 127 किलो. लाइनमन. त्याचा फोटो पाहून आमच्या आईने विचारलं होतं, "हा दारातून आडवा होऊन येतो का रे?" स्कॉलरशिप वगैरे नाही, स्वतःच्या खर्चाने टीममध्ये जायचं, ज्याला वॉक-ऑन म्हणतात तसं. ताईच्या शेजारी बसून तोही ऐकत होता. मागून आवाज आला, "मामा, यांची जिम चांगली आहे का, एवढंच सांग."

आता गंमत बघा. मी राहतो लिंकनमध्ये. कॉलेज फुटबॉलमधल्या या वजनं उचलण्याच्या प्रकरणाचं खरं बस्तान बसलं ते याच गावात. 1967 आणि 1968, दोन्ही मोसमांत नेब्रास्काने सहा सामने जिंकले आणि चार हरले, आणि 1968 चा शेवट ओक्लाहोमाकडून 47-0 असा मार खाऊन झाला. मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हेनी यांना काढा, अशी गावात कुजबुज सुरू झाली. त्याच सुमारास बॉइड एपली नावाचा विद्यापीठाचाच एक बांबूउडीपटू पाठ दुखावल्यामुळे जिममध्ये वजनं उचलत बसलेला असे. दुखापत झालेले फुटबॉलपटूही तिथे यायचे आणि त्याचं बघून तसंच करायचे. 1969 च्या उन्हाळ्यात सहाय्यक प्रशिक्षक टॉम ऑसबर्न यांनी त्याला बोलावून घेतलं. बिचाऱ्याला वाटलं, आपल्यामुळे पोरं बिघडली म्हणून आता बोलणी खावी लागणार. पण ऑसबर्नना नेमकं उलटं दिसलं होतं. ही मुलं परत येताना आधीपेक्षा दणकट होऊन येत होती. तासाला 2 डॉलर या दराने एपलीला नेमलं गेलं. डेव्हेनींनी परवानगी दिली ती एका अटीवर: एकही मुलगा धावण्यात मंद झाला तर तुझी नोकरी गेली.

ही अट आज विनोदी वाटते, पण त्या काळच्या प्रशिक्षकांचा तसा खरोखरच समज होता. वजनं उचलली की स्नायू आखडतात, माणूस ठोंब्या होतो. आपल्याकडे नाही का, पैलवानाची अक्कल गुडघ्यात म्हणतात, त्याचाच हा अमेरिकन चुलतभाऊ. 1940 मध्ये स्प्रिंगफील्ड कॉलेजात पीटर कार्पोविच या प्राध्यापकांनी जॉन ग्रिमेक या शरीरसौष्ठवपटूला भर सभेत सांगितलं होतं, पाठ खाजवून दाखवा. त्यांना वाटलं, एवढ्या दंडाच्या माणसाचा हात पाठीपर्यंत कसला पोचतोय! ग्रिमेकने आधी वरून खाजवली, मग खालून खाजवली, आणि वर पाय फाकवून जमिनीला टेकून दाखवले. कार्पोविच खरे अभ्यासक. त्यांनी हार मानली आणि पुढे 1951 मध्ये 600 जणांच्या हाताच्या हालचालींचा वेग मोजून प्रसिद्ध केलं की वजनं उचलणारेच जास्त चपळ निघाले. पण शास्त्र छापून आलं म्हणून प्रशिक्षक वाचतात असं थोडंच आहे? लुइझियानात ॲल्विन रॉय या जिमवाल्याने आधी एका शाळेच्या आणि मग लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या मुलांकडून वजनं उचलून घेतली, 1958 मध्ये ते विद्यापीठ देशात पहिलं आलं, तेव्हा कुठे काहींचे डोळे उघडले.

परत लिंकनला येऊ. 1969 मध्ये नऊ विजय. 1970 मध्ये अकरा विजय, एक बरोबरी, राष्ट्रीय विजेतेपद. 1971 मध्ये तेराच्या तेरा, पुन्हा विजेतेपद. आता कोणीही म्हणेल, झालं की सिद्ध! इथल्या जुन्या लोकांशी बोललात तर ते अजूनही असंच सांगतात आणि सांगताना छाती फुगवतात. एपलींनी 1978 मध्ये इथेच देशभरच्या अशा प्रशिक्षकांची संघटना काढली, पहिल्या बैठकीला 76 जण आले होते. आज ही मंडळी प्रत्येक मोठ्या विद्यापीठात आहेत आणि काहींचे पगार वर्षाला पाच लाख डॉलरच्या वर गेलेले आहेत. तासाला 2 डॉलरपासून इथवर.

पण माझी नोकरी विमा कंपनीत आकडे बघण्याची. मला असा सरळ रस्ता दिसला की शंका येते. त्याच 1969 मध्ये ऑसबर्ननी आक्रमणाची सगळी रचनाच बदलली होती, मग विजय रचनेचे की बारबेलचे? रॉय पुढे 1963 मध्ये सॅन दिएगो चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेला. त्या वर्षी तोही संघ विजेता झाला, पण तिथे खेळाडूंना जेवणाच्या टेबलावर डायनाबॉल नावाच्या स्टिरॉइडच्या गोळ्या ठेवल्या जात होत्या. तेव्हा श्रेय बैठकांचं की गोळ्यांचं? आणि आमचं नेब्रास्का: जिम आता कितीतरी पटींनी मोठी आणि चकचकीत, आणि तरी 2017 ते 2023 अशी सलग सात वर्षं विजयांपेक्षा पराभव जास्त. सगळ्यांनीच वजनं उचलायला सुरुवात केली की त्यातला फायदा संपतो. भिंतीवर लावलेले बेंचप्रेसचे विक्रम बघावेत, तर दणकट मुलं भरती करणाऱ्या कॉलेजच्या भिंतीवर दणकट आकडे असणारच. मूल कोणत्या क्लासला जातं यावरून क्लास हुशार ठरवायचा, तसलाच प्रकार.

मी ताईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला काहीच सांगता येत नाही." मोठ्या बहिणी असंच बोलतात. असो.

मग मी उलट्या बाजूने वाचायला लागलो. आमच्या धंद्यात एक सवय लागते, जे फोटोत आहेत त्यांच्याआधी जे फोटोत नाहीत त्यांच्याकडे बघायची. 1954 मध्ये टेक्सास ए अँड एमचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी शंभराच्या आसपास मुलांना जंक्शन नावाच्या गावी दहा दिवस नेलं. दुष्काळी उन्हाळा, आणि सरावात पाणी प्यायचं नाही असा दंडक. रात्री गाद्यांवरून उठून मुलं पळून जायची. जेमतेम पस्तीस-एक परतली. त्या मोसमात संघ दहापैकी नऊ सामने हरला! पण दोन वर्षांनी, 1956 मध्ये, तो एकही सामना हरला नाही, आणि मग त्या दहा दिवसांची दंतकथा झाली. पुस्तक आलं, चित्रपट आला. उरलेल्यांचे मेळावे झाले. पळून गेलेल्यांमध्ये कोणी चांगला खेळाडू होता का, याची मोजदाद कोणी ठेवली?

मग एक आकडा सापडला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. ओक्लाहोमा विद्यापीठाचे ॲथलेटिक ट्रेनर स्कॉट अँडरसन यांनी 2017 मध्ये एक लेख लिहिला. (ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे व्यायाम घेणारा नव्हे, तर खेळाडूंची दुखापत, प्रकृती बघणारा. नावावरून माझाही आधी गोंधळ झाला होता.) 2000 ते 2016 या काळात कॉलेज फुटबॉलचे 33 खेळाडू खेळाशी संबंधित कारणाने गेले. त्यातले आदळआपट होऊन गेले ते फक्त 6. बाकीचे 27 व्यायामात आणि धावण्यात गेले. ज्या खेळात माणसं एकमेकांवर रेड्यासारखी धडकतात, त्यात खेळापेक्षा खेळाची तयारी जास्त जीवघेणी निघाली. आणि हे बरेचदा पहिल्याच दोन-चार दिवसांत, सुट्टीवरून आल्या आल्या. आयोवा विद्यापीठात जानेवारी 2011 मध्ये तीन आठवड्यांच्या सुट्टीनंतर मुलांकडून वजन खांद्यावर घेऊन घड्याळ लावून शंभर बैठका काढून घेतल्या. 13 जण रुग्णालयात. स्नायूंच्या पेशी फुटून रक्तात उतरल्या की मूत्रपिंडांवर येतं आणि लघवी काळ्या चहासारखी होते. ती पोरं वाचली.

राइस विद्यापीठाचा डेल लॉइड नाही वाचला. 2006, वय 19. शंभर यार्डांच्या सोळा धावा, आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या रक्तात सिकलसेलचा एक जनुक होता. एकच असला तर एरवी काही त्रास नसतो, माणूस म्हातारा होईपर्यंत कळतही नाही. पण न थांबता शरीर ताणत राहिलं तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकायला लागतात. त्याच्या आईवडिलांनी दावा लावला आणि 2010 पासून वरच्या गटातल्या कॉलेजांनी खेळाडूंची ही तपासणी करायचा नियम आला, मग खालच्या गटांतही.

इथे वाचता वाचता मी थांबलो. आमचे भाऊजी चंद्रपूरचे. विदर्भात, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीकडे, सिकलसेल किती आहे हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. भाऊजींच्या एका चुलत बहिणीला तो आजार होता, ती लवकर गेली. घरात "तिला रक्ताचं होतं" एवढंच बोललं जायचं.

ताईला फोन केला. "पोराच्या जन्माच्या वेळचे कागद आहेत का?" इकडे प्रत्येक बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ही तपासणी होते. ताई म्हणाली, असतील माळ्यावर. दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला. पिवळा पडलेला कागद, त्यावर दोन ओळी. वाहक. अठरा वर्षं तो कागद लसीकरणाच्या कार्डामागे पडून होता. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं म्हणे, काळजीचं कारण नाही. खरंच होतं ते. तेव्हा तो सात पाउंडांचा होता.

खेळू नको असं यावर कोणी म्हणत नाही. वाहक असलेले कितीतरी खेळाडू अगदी वरच्या पातळीवर खेळले आहेत. फक्त व्यायाम हळूहळू वाढवायचा, मध्ये विश्रांती द्यायची, पाणी द्यायचं, आणि तो थांबतो म्हणाला की थांबू द्यायचं.

मे महिन्यात आम्ही तिघं त्या नावाजलेल्या कॉलेजात गेलो. जिम म्हणजे विमानतळ होता. शक्ती-प्रशिक्षक तरुण, गोड बोलणारा, भाच्याचा दंड दाबून खूश झाला. मी त्याला 2018 बद्दल बोललो. मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर, हाही लाइनमन, हाही 19 वर्षांचा. 110 यार्डांच्या दहा धावा धावताना उष्माघात झाला, गार पाण्यात बुडवलं नाही, आणि पंधरा दिवसांनी गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांना नंतर जाहीरपणे जबाबदारी घ्यावी लागली. प्रशिक्षक मान हलवत होता. हो, वाईट झालं, आमच्याकडे सगळे नियम पाळतात. मग मी विचारलं, "समजा, आठव्या धावेनंतर हा म्हणाला की मला थांबायचंय, तर?"

त्याने भाच्याच्या खांद्यावर थाप मारली आणि हसून म्हणाला, "हा नाही म्हणणार. असली मुलं मला लांबून ओळखू येतात."

कौतुकच होतं ते. पोराचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि पर्समधला तो कागद काढलाच नाही.

परतीच्या रस्त्यावर जे झालं ते इथे लिहीत नाही. मामाला काय कळतं, मामाने आयुष्यात एक बैठक तरी काढलीय का, इथपर्यंत गेलं. (काढल्या आहेत. चौथीत, शिक्षा म्हणून.)

जूनमध्ये दुसऱ्या एका कॉलेजात गेलो, खालच्या गटातलं, गावाबाहेर मक्याच्या शेतात. तिथे आधी भेटली ती ट्रेनर. पंचविशीतली मुलगी. तिने पहिलं काय मागितलं, तर सिकलसेलचा रिपोर्ट. ताईने कागद दिला. तिने तो दोनदा वाचला, मग भाच्याकडे वळून, आमच्याकडे न बघता, त्याला सांगितलं की मांड्यांत, कंबरेत अचानक ताकद गेल्यासारखं वाटलं तर तिथेच बसायचं, आणि बसलास तर तुला कोणी काही बोलणार नाही, कोच बोलला तर मला सांग. मैदानाच्या कडेला निळा टब होता, गुरांना पाणी पाजायचा असतो तसा. उन्हाळ्याच्या सरावात त्यात बर्फ भरून ठेवतो म्हणाली. विचारल्याशिवाय दाखवला.

तिथे गेला शेवटी. खुशीने गेला असं नाही म्हणणार मी. ऑक्टोबरमध्ये मी एक सामना बघायला गेलो. चौथ्या सत्रात सहा-सात मिनिटं खेळला, बाकी बाकावर. संध्याकाळी जेवताना माझ्याशी बोलला, पण बेताचंच. रात्री ताईचा फोन.

"कसा आहे?"

"बरा आहे. एक मोठी बादली भरून पास्ता खाल्ला."

"आणि जिम?"

"छोटी आहे गं. आमच्या इथल्या वायएमसीएएवढी."