‘डिमर’ : थांबण्यापासून हरकतीपर्यंत

इंग्रजीतील ‘डिमर’ या क्रियापदाचे शब्दकोशात सामान्यतः दोन अर्थ आढळतात : कां-कू करणे आणि हरकत घेणे. पहिली कृती अनिश्चित मनाची, दुसरी ठाम मनाची. एकाच शब्दात या दोन्ही कशा नांदतात, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे.

लॅटिनमध्ये ‘मोरा’ म्हणजे विलंब. त्यावरून साधलेले क्रियापद फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले तेव्हा त्याचा अर्थ रेंगाळणे, मुक्काम करणे एवढाच होता. न्यायालयांनी त्याला वेगळे वळण दिले. प्रतिपक्षाने सांगितलेल्या घटना खऱ्या धरल्या तरी कायद्याने दावा उभा राहत नाही, असे म्हणून पक्षकार तेथेच थांबे. या पवित्र्याला ‘डिमरर’ म्हणत. थांबणे हाच आक्षेप ठरला. आज सौम्य हरकतीचा अर्थच प्रबळ आहे. विलंबाचा मूळ अर्थ व्यापाराने जपला : मुदतीपलीकडे वॅगन अडकवून ठेवल्याबद्दल मालधक्क्यावर भरावे लागणारे ‘डॅमरेज’ याच कुळातले.

मोल्सवर्थ यांनी आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पूर्ण केला. तेव्हापासून अशा शब्दांना एकास एक प्रतिशब्द देण्याची अडचण कायम आहे. मराठीत पाय घुटमळतात, जीभ चाचरते, मन कचरते. आढेवेढे घेणारा तर पुष्कळदा आतून राजीच असतो. ‘डिमर’ करणारा राजी नसतो. त्याचा आवाज तेवढा खालचा असतो.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. आमच्या आरमोरीच्याच गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. २००६ च्या कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत ते आहे. त्याला तो हक्क २००९ मध्ये मिळाला. सर्वसहमतीच्या सभेत एकाचे थबकणेही निर्णय थांबवू शकते. त्या थबकण्याची नोंद ‘संकोच’ अशी झाली, तर वाचणारा त्याला भिडस्तपणा समजेल आणि भिडस्ताची संमती गृहीत धरेल. ‘हरकत’ म्हटले, तर नसलेले भांडण उभे राहील. अशा ठिकाणी ‘तूर्त संमती दिली नाही’ हे साधे वाक्यच अधिक प्रामाणिक भाषांतर होय.