दोन डोळे पणाला लावणारा दिग्दर्शक

मंडळी, व्ही. शांताराम म्हटले की डोळ्यांसमोर दिग्दर्शक उभा राहतो. पडद्यावरची त्यांची पहिली ठळक ओळख मात्र नटाची. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकारापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा त्यातला तरुण शेतकरी शांतारामांनी उभा केला.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात 'प्रभात' स्थापन केली. 'अयोध्येचा राजा', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' ही नावे तुम्हांस पाठ असतीलच. पण या चित्रपटांत ते कॅमेऱ्यामागेच राहिले. पडद्यावर होते गोविंदराव टेंबे, केशवराव दाते, शाहू मोडक.

१९४२ साली प्रभात सोडून त्यांनी मुंबईत परळला 'राजकमल कलामंदिर' उभारले. भागीदार सुटले आणि नट परतला. चीनमध्ये रुग्णसेवा करताना निधन पावलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांची भूमिका १९४६ साली त्यांनी स्वतःच केली.

खरी कसोटी पुढे आली. १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे' या रंगीत नृत्यपटाला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले होते. दुसरा कोणी निर्माता असता, तर त्याच वाटेने पुन्हा गेला असता. शांतारामांनी १९५७ साली कृष्णधवल 'दो आँखें बारह हाथ' काढला: सहा खुनी कैदी, एक ओसाड माळ आणि त्यांना विनाबेड्या शेती करायला लावणारा जेलर आदिनाथ. बारा हात कैद्यांचे, दोन डोळे जेलरचे. जेलर अर्थात शांतारामच.

कथेचे मूळ आपल्याच मातीतले आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली होती. कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. (माणदेशचा हा कवी त्याच मुलखातला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.)

शेवटी पिसाळलेल्या बैलाशी झुंजताना जेलर प्राण गमावतो. या झुंजीसाठी बदली माणूस उभा करणे निर्मात्याच्या हाती होते. शांताराम स्वतः उतरले आणि त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. चित्रपटाच्या नावातले 'दो आँखें' असे अक्षरशः पणाला लागले. निर्माता, दिग्दर्शक आणि नट एकच असला की 'हे करू नका' असे सांगणारा कोणी उरत नाही. हे त्यांचे बळ होते, तसाच धोकाही.

चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलही. डोळ्यांवर पट्टी बांधून काढलेल्या दिवसांनंतर शांतारामांनी पुढचा चित्रपट रंगीत केला. १९५९ चा तो 'नवरंग'. त्याच्या प्रास्ताविकात ते स्वतः पडद्यावर येतात आणि त्या अंधारात आपल्याला दिसलेल्या रंगांविषयी प्रेक्षकांशी बोलतात.