जेस्ट, बँटर, वॅग : थट्टेचे जुने इंग्रजी शब्द

ओटावा : ‘जस्ट जोकिंग’ म्हणून सुटका करून घेणे येथील कार्यालयांत आता सोपे राहिलेले नाही. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार, कॅनडा लेबर कोडमधील छळाच्या व्याख्येत समोरच्याला अपमानास्पद वाटेल अशी रास्त अपेक्षा असलेले बोलणेही येते. थट्टा कुठली आणि टवाळी कुठली, हा भेद जुन्या इंग्रजीने मात्र शब्दांतच जपला होता.

‘जोक’ हा तसा अलीकडचा, लॅटिन ‘जोकस’वरून सतराव्या शतकात आलेला शब्द. त्याहून जुना ‘जेस्ट’. त्याचे मूळ लॅटिन ‘गेस्ता’, म्हणजे पराक्रम. पराक्रमाची कथा, पुढे पोकळ कथा आणि अखेर थट्टा, अशी त्याची घसरण झाली. आज तो बहुधा ‘इन जेस्ट’ एवढ्यापुरता उरला आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘गॅमेन’ म्हणजे आनंद, खेळ, थट्टा. त्याचाच आजचा ‘गेम’. आपल्या ‘गंमत’शी असलेले त्याचे ध्वनिसाम्य मोहात पाडणारे असले, तरी ते नाते मानू नये.

‘वॅग’ म्हणजे खोडकर, थट्टेखोर माणूस. हा शब्द बहुधा ‘वॅगहॉल्टर’चे, म्हणजे ‘फासावर लोंबकळणारा’ या शिवीचे लघुरूप असावा. ‘मेल्या’, ‘मुडद्या’ म्हणत लाड करणाऱ्या मराठी आजीला याचे नवल वाटणार नाही.

बरोबरीच्यांतील शाब्दिक चकमक ती ‘बँटर’. या शब्दाचे मूळ अज्ञात आहे. जोनाथन स्विफ्टने तर १७१० मध्ये ‘टॅटलर’मधून असल्या नवशब्दांवर टीका केली होती. आपली ‘मस्करी’ (मूळ अरबी ‘मस्खरा’) याच्या सर्वांत जवळची. ‘रेलरी’ त्याहून सुसंस्कृत, तर ‘जाइब’ आणि ‘जीअर’ म्हणजे सरळ टोमणा व हेटाळणी. त्यांत समोरच्याने हसावे अशी अपेक्षाच नसते.

मराठी हा भेद क्रियापदानेही दाखवते. थट्टा ‘केली’ तर दोघे हसू शकतात. थट्टा ‘उडवली’ की एकच हसतो. इंग्रजीत ‘जोक’ पुरेसा वाटणाऱ्या आपल्या मुलांना दोन्ही वाक्ये सारखीच वाटतात. आणि दुखावलेल्याने तक्रार केल्यावर तीही हसण्यावारी घालवली, तर त्याला मराठीत स्वतंत्र वाक्प्रचार आहे : थट्टेवारी नेणे.