ऋण संख्यांचे द्विमान अंकन

० व १ या दोनच अंकांच्या साहाय्याने, उणे हे स्वतंत्र चिन्ह न वापरता, ऋण संख्या संगणकात मांडण्याची रीत. धन व ऋण संख्यांच्या गणिताचे नियम ब्रह्मगुप्त यांनी ब्राह्मस्फुटसिद्धांत (६२८) या ग्रंथात दिले. पुढे भारतीय गणिती ऋण संख्येवर टिंब देत. यंत्राला अशी सोय नसते. ब्लेझ पास्काल यांच्या सतराव्या शतकातील गणनयंत्राची चाके एकाच दिशेने फिरत. म्हणून त्यात नऊच्या पूरकांचा आश्रय घेऊन वजाबाकीचे रूपांतर बेरजेत केलेले होते. संगणकांनी हीच युक्ती द्विमान पद्धतीत उचलली.

चार अंकांच्या जागेत +५ म्हणजे ०१०१. सर्वांत डावीकडील अंक चिन्हासाठी राखल्यास −५ ही संख्या ११०१ अशी लिहिली जाते. आयबीएम ७०१ (१९५२) या संगणकात हे अंकन होते. ते वाचण्यास सोपे, परंतु बेरजेपूर्वी चिन्हे तपासावी लागतात. ०१०१ मधील प्रत्येक अंक उलटा केल्यास १०१० हा एक-पूरक मिळतो. या पद्धतीत शून्याची मात्र ०००० व ११११ अशी दोन रूपे होतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसविण्यात आलेला सीडीसी ३६०० हा संगणक एक-पूरक पद्धतीचा होता.

एक-पूरकात १ मिळविला की १०११ हा दोन-पूरक होतो. ७ मधून ५ वजा करण्यासाठी ०१११ व १०११ यांची बेरीज करावी. डावीकडे बाहेर पडणारा हातचा सोडून दिला की ००१०, म्हणजे २, उरतात. वजाबाकीसाठी वेगळे मंडल लागत नाही व शून्यही एकच राहते. केंब्रिज येथील एडसॅक (१९४९) व आयबीएम सिस्टिम/३६० (१९६४) यांनी ही पद्धत स्वीकारली आणि कालांतराने इतर पद्धती मागे पडल्या. तरीही सी++ या भाषेच्या मानकात ती बंधनकारक होण्यास २०२० साल उजाडले.

या अंकनाची खरी अडचण मर्यादेची आहे. चार अंकांत ७ मध्ये १ मिळविल्यास १०००, म्हणजे −८, मिळतात. सोळा अंकांत कमाल संख्या ३२,७६७ असते. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ या अग्निबाणाच्या आडव्या वेगाशी निगडित एक राशी सोळा अंकांत बसविताना ही मर्यादा ओलांडली गेली, दिक्‌स्थितिदर्शक संगणक बंद पडले आणि उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत अग्निबाण नष्ट झाला. एरियान-४ साठी लिहिलेली आज्ञावली तशीच पुढे वापरली गेली होती. आधीच्या अग्निबाणाचा वेग त्या मर्यादेत राहत असे.

१ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद बत्तीस चिन्हांकित द्विमान अंकांत मोजणाऱ्या यंत्रणांची मर्यादा भारतीय प्रमाणवेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. ज्या यंत्रणांत तोवर बदल झालेला नसेल, त्यांत पुढच्याच सेकंदाला १९०१ मधील डिसेंबर महिना दिसू लागेल.